ओ कुठून आलं

माझा धंदा अक्षरांचा आहे, पण वाचनाचा नाही. चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते. समोरच्या भिंतीवर दिव्याचा तक्ता असतो, त्यावर इंग्रजी अक्षरं, वर मोठी आणि खाली खाली बारीक होत जाणारी. ती मुद्दाम अशी मांडलेली असतात की त्यांचा शब्द होऊ नये. शब्द झाला की माणूस अंदाजानं वाचतो आणि आपले डोळे आहेत त्याहून चांगले असल्याचा आव आणतो. डोळ्यांच्या बाबतीत भलेभले खोटं बोलतात. एका पोलिसानं तर अख्खा तक्ता पाठ करून आणला होता. त्यानं तो घडाघडा म्हणूनही दाखवला, फक्त मी त्या दिवशी तक्ता बदललेला होता.

घरी आम्ही तिघं. हे रंगाच्या दुकानात रंग कालवतात. गिऱ्हाईक फुटकी कपबशी घेऊन येतं आणि म्हणतं, भिंतीला अस्साच निळा हवा. हे थेंबाथेंबानं तसा निळा करून देतात. ह्यांची मुलगी चिंगी दातांच्या कवळ्या बनवते. चष्मा, कवळी आणि रंग. म्हातारपणाची सगळी सोय एका छपराखाली, असं खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणतो. आता फक्त केसांचे टोप बनवणारा जावई शोधा, असंही म्हणतो, आणि चिंगी त्याला जिन्यावरून डोळे वटारून दाखवते.

चिंगी पंचविशीची आहे. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ह्यांनी लहानपणी चिंगी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. मी ह्यांची दुसरी बायको. चिंगीची आई गेली तेव्हा चिंगी कॉलेजात होती; मी ह्या घरात आले तेव्हा ती कमावती झाली होती. त्याला आता तीन वर्षं झाली, आणि ह्या तीन वर्षांत तिनं मला एकदाही हाक मारलेली नाही.

म्हणजे ती उद्धट आहे असं नाही हं. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, भांडणात माणसाला निदान 'तुम्ही' तरी म्हणावं लागतं. ती गोड बोलते, पण बोलताना मला वगळून बोलते. "चहा घ्यायचाय का?" "जेवण झालं?" "उद्या दुकान उघडं असतं का?" ह्यात तू नाही, तुम्ही नाही, काकू नाही, मावशी नाही. आपल्या भाषेत क्रियापदाच्या शेपटीवरून समोरचं माणूस कोण ते कळतं; चिंगी ती शेपूटच छाटून टाकते. पहिले काही महिने माझ्या हे ध्यानातही आलं नव्हतं. एकदा आलं, आणि मग दुसरं काही ऐकूच येईना. बापाला ती तुम्ही म्हणते, शिंप्याला काका आणि तुम्ही, जिन्यातल्या मांजराला तू. तिच्या आईशी तिचं अगंतुगं चालायचं, असं हेच मला सांगून बसलेत. मी ह्या यादीत कुठेच नाही.

ह्यात चूक असेल तर ती ह्यांची. माझ्या ह्या घरातल्या पहिल्या जेवणाला, पहिला घास घ्यायच्या आधी, ह्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "चिंगे, आजपासून ही तुझी आई बरं का." चिंगी पाण्याचा तांब्या भरायला म्हणून उठली आणि तो भरून परत यायला तिला इतका वेळ लागला की आमची ताटं निवून गेली. त्या दिवसापासून तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. मी तिची आई नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या जागेवर बसायची मला हौसही नव्हती. पण माणसाला काहीतरी म्हणावं की नाही? 'ए चष्मेवाल्या बाई' म्हटलं असतं तरी मी खुशीनं वळून पाहिलं असतं.

आणि आता ती चालली होती. दुसऱ्या गावात एका मोठ्या लॅबमध्ये तिला चांगली जागा मिळाली होती, राहायला खोली मिळाली होती, रविवारी सकाळी सामानाचा टेंपो येणार होता. जायच्या आधी तिनं मला एकदा, एकदाच, तू किंवा तुम्ही म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. ह्यांना तर मुळीच नाही. ह्यांनी पुन्हा घसा खाकरला असता.

संध्याकाळी आम्हा तिघांचा एक खेळ असतो. पेपरात रोज नऊ इंग्रजी अक्षरांचा चौकोन येतो, तीन ओळी, ओळीत तीन अक्षरं. त्यांतून शब्द काढायचे, प्रत्येक शब्द चार अक्षरांचा तरी हवा, आणि मधल्या घरातलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे. नवाच्या नऊ अक्षरं वापरून होणारा एक शब्द असतोच, त्याला आम्ही थोरला म्हणतो. थोरला ज्याला सापडेल तो जिंकला. नाही सापडला तर ज्याचा शब्द सगळ्यांत लांब तो. बाकीच्यांनी भांडी घासायची. पेपर आमच्यात आणि शिंप्यात मिळून एकच येतो, म्हणून त्यातला चौकोन कापता येत नाही. चिंगी मोठ्यानं अक्षरं वाचते, हे ती रंगांच्या जुन्या कार्डाच्या पाठीवर जाड पेन्सिलीनं उतरवतात, आणि पेपर लगेच खाली जातो. मग आम्ही तिघं त्या कार्डावर तुटून पडतो.

ह्या खेळात चिंगी माझ्याशी सगळ्यांत जास्त बोलते. शब्द खरा की खोटा ह्यावर आमचे वाद होतात, डिक्शनरी उघडली जाते, पानं फडफडतात. ह्यांची तऱ्हा वेगळीच. ह्यांना वाटतं, जो शब्द ते रोज वापरतात आणि ज्याचा उगम ठाऊक नाही तो इंग्रजीच असणार. एकदा त्यांनी टमरेल लिहिलं होतं. "टंबलरचं टमरेल झालं," ते म्हणाले. "मग टंबलर लिहा की," मी म्हटलं. "त्याला बी लागतं, आणि आज बी नाहीये," ते म्हणाले, आणि चिंगी हसता हसता खुर्चीवरून घसरली. मीही हसत होते. असं हसताना ती माझ्याकडे बघते, सरळ डोळ्यांत बघते, आणि मला वाटतं, आता येईल शब्द, आत्ता येईल. मग हसू ओसरतं आणि ती म्हणते, "पाणी हवंय का कुणाला?"

तर तो गुरुवार. मी स्वयंपाकघरात दुसरा चहा गाळत होते. बाहेर खिडकीपाशी चिंगी पेपर घेऊन बसली होती, तिच्यासमोर तिचा पहिला चहा निवत पडला होता. हे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल परजून तयार होते. चिंगीनं वाचायला सुरुवात केली. "एन… जी… आर…" प्रत्येक अक्षरानंतर ती थांबत होती, कारण हे अक्षरं कोरून काढतात. "डी…" मग तिला घाई झाली असावी. शिंपी खालून पेपरसाठी ओरडत होता. पुढची दोन अक्षरं तिनं एका दमात, जरा आवाज चढवून म्हटली.

"ए, आय!"

"ओ," मी म्हटलं.

आमच्या घरी आम्ही आईला आय म्हणायचो. गल्लीच्या टोकावरून 'ए आय' म्हणून हाक ठोकायची आणि घरातून तिची 'ओ' यायची; ती आली की पोटात बरं वाटायचं, काम काही असो वा नसो. मला मूल झालं नाही. मला कुणी कधी 'ए आय' म्हटलेलं नाही. तरी एका हातात गाळणं आणि दुसऱ्या हातात पातेलं असताना मी ओ देऊन बसले, आणि ती दिल्यावर कानशिलं तापली. अगं बाई, ती अक्षरं वाचतेय! मी कान दिला. बाहेर काही गडबड नव्हती. चिंगी पुढे वाचत होती, "जी… एन…" कुणी काही ऐकलेलं दिसत नव्हतं. माझ्या जिवात जीव आला. शेवटी चिंगीनं "ई" म्हटलं, पेपराची घडी केली आणि तो खिडकीतून शिंप्याच्या हातात सोडला.

मी कप घेऊन बाहेर आले आणि कार्डावर वाकले. मध्ये ए होता. बरीच चांगली अक्षरं होती, शब्द भराभर निघायला लागले. ह्यांनी रेडिओ लिहिला आणि असे खूश झाले की जणू रेडिओ त्यांनीच बनवला. मग ड्रॅगन लिहिला. मग डोंगर.

"डोंगर इंग्रजी नाही, बाबा."

"डी, ओ, एन, जी, ए, आर. सगळी अक्षरं आहेत."

"अक्षरं आहेत, शब्द नाही."

"एवढा मोठा डोंगर आणि ह्यांच्या डिक्शनरीत मावत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी तो नाइलाजानं खोडला.

मला मात्र घबाड सापडलं होतं. जी, आर, ओ, ए, एन, आय, एन, जी. ग्रोनिंग. म्हणजे कण्हणं. आठ अक्षरं! मी डिक्शनरी उघडून दाखवली आणि कॉलर ताठ केली. चिंगीचा सगळ्यांत लांब शब्द डेअरिंग होता, सहा अक्षरांचा. पण तिचं लक्ष भांड्यांकडे नव्हतं. तिला थोरला हवा होता. तो बहुतेक वेळा तीच काढते, आणि जायच्या आधीच्या आठवड्यात तो हुकावा हे तिला सहन होईना. भांडी घासतानाही ती कार्ड पाण्याच्या नळामागे टेकवून बघत होती.

"काहीतरी चुकलंय ह्यात," ती म्हणाली. "डी कुठे बसवायचा? ह्यातून थोरला होतच नाही."

"होत असणार. पेपरवाले काय वेडे आहेत?" हे म्हणाले.

शुक्रवारी मी दुकानातून आले तेव्हा घरात रणधुमाळी चालली होती. नव्या पेपरात कालच्या चौकोनाचं उत्तर आलं होतं: गार्डनिंग. चिंगीनं ते उत्तर कार्डाशी ताडून पाहिलं होतं आणि तिच्या रागाचा पारा चढला होता.

"ह्यात ई लागतो. कार्डावर ई नाहीच! आणि हे ओ कुठून आलं?"

"तू म्हटलंस म्हणून लिहिलं," हे म्हणाले.

"मी ओ म्हटलंच नाही."

"मी ह्या कानांनी ऐकलं."

"आणि ई? ई ऐकलं नाही त्या कानांनी?"

"ऐकलं की. पण तोवर माझी नऊ घरं भरली होती. मला वाटलं, चहावर साय आली म्हणून तू ई केलंस."

चिंगीला हसू फुटलं, पण तिनं ते आवरलं, आणि मग ती गंभीर झाली. बापाजवळ जाऊन बसली. "बाबा, खरं सांगा. दुकानात गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकू येतं ना? मी रविवारी जाणार. उद्या सकाळी कान दाखवून येऊ."

"माझे कान ठणठणीत आहेत!"

"आजकाल छोटी यंत्रं मिळतात, दिसतही नाहीत."

ह्यांचा चेहरा पडला. ओ ऐकलं ते ऐकलं, ह्यावर ते अडून बसले होते, पण आवाजातला जोर गेला होता. रंग कालवणाऱ्या माणसाला डोळ्यांची भीती असते. कानांवरूनही कुणी धरेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आणि मी? मी दाराशी चपला काढत उभी होते आणि मला सगळं लख्ख समजत होतं. माझी ओ कार्डावर जाऊन बसली होती. रोज समोरच्याला न बिचकता सांगते मी, की तुमचे डोळे अधू झालेत, आव आणू नका. आणि इथं मी नवऱ्याला खुशाल बहिरा ठरू देत होते. तोंड उघडलं तर सांगावं लागणार होतं, मी ओ का म्हटलं. ते सांगण्यापेक्षा ह्यांनी एक यंत्र वापरलेलं बरं, असा दुष्ट विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू.

चिंगी मात्र एकदा धरलेलं सोडत नाही. ती खाली जाऊन शिंप्याकडून कालचा पेपर घेऊन आली. त्यानं तो बाहीच्या आकारात कापून टाकला होता, पण चौकोन नेमका खांद्याच्या जागी शाबूत होता. तिनं बापाला कालच्याच खुर्चीत बसवलं, हातात पेन्सिल दिली. "मी कालच्यासारखीच वाचते. ऐकू येईल तसं लिहायचं." मी पटकन स्वयंपाकघरात गेले. काम काहीच नव्हतं. ओट्यावरचा कोरडा ठणठणीत भाग फडक्यानं पुसायला लागले.

"एन… जी… आर… डी… ए, आय!"

मी ओठ घट्ट मिटले. बाहेर ह्यांची पेन्सिल थांबली.

"आता नाही आलं," हे म्हणाले. "काल इथंच आलं होतं. आय झालं की लगेच. आणि चिंगे, तो तुझा आवाज नव्हता, आता आठवतंय मला. लांबून आला होता."

मला माझ्या पाठीवर तिची नजर जाणवली. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात ती कागदाची बाही.

"काल इथून कुणी काही म्हटलं होतं का?" तिनं विचारलं. त्या क्षणीही तिनं शेपूट छाटलीच. घरात माणसं तीन, त्यांतली दोन बाहेर, आणि ही म्हणते 'कुणी'!

"मी म्हटलं होतं ओ," मी म्हणाले.

"ओ? कशाला?"

"हाक ऐकू आली. म्हणून ओ दिली."

"कुणाची हाक?"

फडकं धुवायचं निमित्त होतं, पण नळ सोडायलाही हात उचलेना. "तुझी," मी म्हटलं. "तू 'ए, आय' म्हणालीस. अक्षरंच म्हणत होतीस, मला नंतर कळलं. पण तोवर ओ देऊन झाली होती."

चिंगीनं हातातल्या कागदाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, ती दोन अक्षरं तिनं आवाज न करता पुन्हा म्हणून पाहिली. मग तिला उलगडा झाला आणि ती मान खाली घालून उभी राहिली. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. न मागता कुणाच्या घरातली वस्तू उचलावी आणि ती हातात असताना सापडावं, तसं झालं.

हे बाहेरून आले. त्यांचे कान निर्दोष सुटले होते, त्यामुळे चेहरा उजळला होता. त्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि घसा खाकरला.

"अहो, तुमचं दूध उतू जातंय," मी म्हटलं.

गॅस बंद होता. त्यावर पातेलंही नव्हतं. पण ह्यांना आयुष्यात पहिल्यांदाच इशारा कळला आणि ते परत गेले.

"म्हणजे ग्रोनिंग बाद," चिंगी शेवटी म्हणाली.

"बाद. आणि ह्यांचा रेडिओही बाद, ड्रॅगनही."

"डेअरिंग जिंकलं म्हणजे. भांड्यांचा हिशेब उलटा झाला." ती जायला वळली.

त्या संध्याकाळची भांडी मी घासली. तिनं ती कोरड्या फडक्यानं पुसून मांडली. जिंकलेल्यानं कामाला हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे, पण मी तिला त्याची आठवण करून दिली नाही. मला बरं वाटत होतं. जे मी तीन वर्षं पोटात ठेवलं होतं ते चुकून बाहेर पडलं होतं, आणि त्यानं काही पडझड झाली नव्हती. मला वाटलं, एवढंही पुष्कळ आहे. शनिवारी तिनं दिवसभर सामान बांधलं आणि ती माझ्याशी पूर्वीइतकंच बोलली. "दोरी आहे का घरात?" "कात्री कुठे असते?" मी दोरी दिली, कात्री दिली, आणि मनाशी समजूत घातली की कुणाला काय म्हणायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

रविवारी सकाळी ती आंघोळीला गेली असताना मी तिच्या खोक्यांवरून एक नजर फिरवली. ती सवय मला दुकानामुळे लागली आहे, काचेचा माल पाठवताना मी तीनदा बघते. सगळ्यांत मोठं खोकं उचलून पाहिलं तर आत खडखडाट. उघडलं. तळाशी तिचे प्लास्टरचे जबडे, तिनं शिकताना स्वतः घडवलेले, एकेक दात कोरलेला, आणि त्यांच्यावर बिनधास्त तवा, कढई आणि इस्त्री! मी तिथल्या तिथे बसकण मारली. तवा, कढई, इस्त्री खाली घातली, मध्ये जुनी चादर, जबडे एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठेवले, आणि दोरी आवळून बांधली.

टेंपोवाला खाली हॉर्न वाजवत होता. शिंपी एक खोकं घेऊन जिन्यात पोचला होता. चिंगी ओले केस झटकत बाहेर आली, तिनं मोठ्या खोक्याची गाठ पाहिली आणि तिथंच थबकली.

"अगं, हे कुणी उघडलं? तू उघडलंस?"

मी जागच्या जागी उभी राहिले.

"तुला कुणी सांगितलं होतं ह्यात हात घालायला? मी सगळं क्रमानं लावलं होतं! वर चिठ्ठ्या लावल्या होत्या! आता तिथं गेल्यावर मला काय सापडणार आहे? तू ना, खरंच, तुझं प्रत्येक गोष्टीत…"

हे दोरीचा गुंडा हातात धरून दारात उभे होते. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते मिटलं. माझ्या छातीत काय चाललं होतं ते माझं मला माहीत. पण त्यातलं काही जर मी चेहऱ्यावर येऊ दिलं असतं, डोळ्यांत पाणीबिणी आणलं असतं, तर तिला आपण काय बोललो ते कळलं असतं आणि ती पुन्हा पाण्याचा तांब्या भरायला निघून गेली असती. म्हणून मी कंबरेवर हात ठेवले.

"जबड्यांवर इस्त्री ठेवतं का कुणी? दातांचा धंदा करतेस ना तू? तिथं पोचेपर्यंत सगळे बोळके झाले असते! उपकार तर राहिले बाजूला, वर माझ्यावरच ओरडतेस!"

"मी चादर घालणारच होते!"

"कधी? टेंपो पोचल्यावर?"

"तुला ना काही सांगण्यात अर्थच नाही!"

"नकोच सांगूस!"

शिंपी जिन्यात अर्ध्यावर थांबून, खोकं छातीशी धरून, मन लावून ऐकत होता. आम्ही दोघी अजून बरंच काही बोललो. तिनं मला आठवण करून दिली की मी गेल्या वर्षी तिचा पांढरा कोट रंगीत कपड्यांत धुतला होता. मी तिला म्हटलं, खिशात लाल पेन ठेवणाऱ्यानं दुसऱ्याला बोलू नये. तीन वर्षांचं साठलेलं होतं, भराभरा निघालं. इतकं सुखाचं भांडण मी जन्मात केलं नव्हतं.

मग तिनं खोकं उचललं. जिन्याच्या वळणावर पोचल्यावर ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "पोचले की फोन करते. तूच उचल. बाबांच्या कानांचं काही खरं नाही."

"उचलीन," मी म्हटलं.

दुपारभर मी उगीचच कपाटं आवरली. संध्याकाळी आम्ही चौकोन मांडला, पण दोघांच्यात काही रंग भरेना. ह्यांनी एकच शब्द काढला आणि तोही तीन अक्षरांचा. तेवढ्यात फोन वाजला. तो ह्यांच्या कोपरापाशीच होता. त्यांनी हात पुढे केला, मग सावकाश मागे घेतला, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

"अहो, फोन वाजतोय."

"हो का?" हे म्हणाले. "मला नाही बुवा ऐकू येत."

मी फोन उचलला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी खोकं रिकामं करत होतं.

"एकही फुटला नाही," चिंगी म्हणाली. "जेवलीस का?"